इंजिन तापायच्या आधी

मला एका जागी बसवत नाही. बस थांबायच्या आधी मी दारात उभा असतो, चहा निवायच्या आधी घोट घेऊन जीभ भाजून घेतो, आणि समोरचा माणूस बोलत असला की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकतो, बहुतेक वेळा चुकीचं. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. हा स्वभाव कुठून आला कुणास ठाऊक. वडिलांकडून नक्कीच नाही.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. जळगावजवळच्या असोद्याच्या पुढे आमचं गाव, तिथे आमची केळी आणि थोडी कपाशी. गावात नानांची ओळख होती ती मात्र शेतीमुळे नाही, इंजिनामुळे. विहिरीवर वीज यायच्या आधी त्यांनी पेट्रोलवर चालू होणारं आणि रॉकेलवर चालणारं एक छोटं इंजिन घेतलं होतं. अठरा वर्षं ते त्यांनी एकट्याच्या हाताने सांभाळलं. कुणाचं इंजिन दोरी ओढून ओढून दंड दुखले तरी उठत नसलं की माणूस आमच्या ओट्यावर यायचा. नाना टोपी घालायचे, मुकाट्याने त्याच्या मागे जायचे. 'नानाचा हात लागला का घेते बरोबर,' म्हणजे इंजिन सुरू होतं, असं लोक म्हणायचे. नाना चौथी शिकलेले. गावाने त्यांना दिलेली ही एवढी एकच पदवी, आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. तसं ते बोलून दाखवत नसत, पण मला दिसायचं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी धुळ्यात आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवत होतो. शेती करणार नाही म्हणून घरात मोठी वादावादी करूनच मी निघालो होतो. तीन वर्षं नाना माझ्याशी कामापुरतं बोलत. 'धुयाले काय शिकोतं तू? इंजिनावर बोलतं का इंजिन चालोतं?' धुळ्याला काय शिकवतोस, इंजिनावर नुसतं बोलून इंजिन चालतं का, असं एकदा विचारलं होतं त्यांनी. मला ते लागलं होतं.

कार्बुरेटर हा माझा हातखंडा पाठ. ग्लासात लाल शाईचं पाणी घ्यायचं, त्यात एक नळी उभी धरायची आणि दुसरी नळी तिच्या तोंडाशी आडवी धरून जोरात फुंकायचं. उभ्या नळीतून पाणी आपोआप वर चढतं आणि फुंकरीत सापडून त्याचा फवारा उडतो. पहिल्या बाकावरच्या दोघांचे शर्ट लाल झाले की वर्ग जागा व्हायचा. मग मी सांगायचो: हवा अरुंद जागेतून वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो, आणि खालचं पाणी वर ढकललं जातं. कार्बुरेटरचा गळा असाच मध्ये आवळलेला असतो. इंजिन हवा ओढतं, गळ्यात तिचा वेग वाढतो, आणि जेटच्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल वर येऊन हवेत फुटतं. बारीक बारीक थेंब होतात. का व्हायला हवेत? वाटीभर पेट्रोल नुसतं वरून वरून जळतं. त्याचेच हजारो थेंब केले की प्रत्येक थेंबाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि सगळं एका क्षणात पेटतं.

'हाऊ ते कपाशीना फवारा शे, सर!' मागून एक विद्यार्थी ओरडला होता.

'बरोबर,' मी म्हणालो होतो, आणि फळा पुसला होता. त्या धड्यात पुढे अर्धं पान आणखी होतं. थेंब म्हणजे वाफ नव्हे. थेंब हवेत मिसळला तरी त्याची वाफ व्हायला ऊब लागते आणि थोडा वेळ लागतो. पेट्रोल हलकं, त्याची चटकन होते. रॉकेल जड, थंड इंजिनात त्याचे थेंब थेंबच राहतात. हे अर्धं पान मी दरवर्षी दोन वाक्यांत उरकायचो. फवारा उडून गेलेला असायचा, पोरं हसत असायची, आणि मला पुढच्या धड्याची घाई असायची.

त्या वैशाखात नानांचं कार्ड आलं. नाना कार्ड लिहीत नसत. चार ओळी होत्या: गावची विजेची डीपी जळाली आहे, नवी कधी बसेल सांगता येत नाही. केळीला घड आहेत. जुनं इंजिन काढलं पण ते घेत नाही. तुला सवड असल्यास येऊन बघावे.

'येऊन बघावे' हे तीनदा वाचलं. ज्याच्याकडे अख्खा गाव इंजिन दाखवायला यायचा, तो माणूस मला इंजिन बघायला बोलावत होता. मी त्याच दिवशी रजा टाकली. बसमध्ये पारोळ्यापर्यंत दहा वेळा उठून बसलो असेन. एरंडोलला ड्रायव्हर चहाला उतरला तर त्याच्यामागे जाऊन म्हणालो, 'चला की हो, किती वेळ?' त्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गपचूप जागेवर येऊन बसलो.

घरी पिशवी टाकली आणि तसाच शेतात गेलो. ऊन असं होतं की इंजिनाच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. केळीची पानं मधल्या शिरेवर मिटून खाली लोंबत होती. नाना विहिरीपाशी उभे होते. त्यांनी माझी काही विचारपूस वगैरे केली नाही. इंजिनाकडे बोट दाखवलं.

'चार दोऱ्या तुटल्या. उठते, भकभक करते, काळा धूर सोडते आन बसते.'

मी कार्बुरेटर उतरवला, जेट काढून उजेडाकडे धरला आणि पाहताक्षणी समजलं. भोक वाकडं आणि मोठं झालं होतं.

'याच्यात काही घातलं होतं?'

नानांनी टोपी काढली. टोपीच्या घडीत एक पोलादी तार खोचलेली असायची. कपाशीवर फवारताना पावडरीने पंपाचं नोझल सारखं तुंबतं, तेव्हा तिथेच उभ्याउभ्या ते मोकळं करायची ती तार. आमच्याकडे फवारणी करणारा प्रत्येक जण ती जवळ बाळगतो.

'कचरा अडकेल व्हता. मोकळं केलं,' नाना म्हणाले.

इथे मी गप्प राहायला हवं होतं. नवा जेट आणून बसवला असता, झालं असतं. पण तीन वर्षांचं साठलेलं होतं ना. मी तिथेच, विहिरीच्या काठावर, वर्ग भरवला. पुस्तकातल्या मराठीत! नोझलचं भोक थोडं मोठं झालं तर पानावर थेंब जाड पडतात, इतकंच. पण जेटमध्ये केसाएवढा फरक पडला तरी सगळं मिश्रण बिघडतं, हवा कमी आणि इंधन जास्त होतं, थेंब नीट फुटत नाहीत, म्हणून काळा धूर. 'पितळ मऊ असतं, नाना. त्यात पोलादाची तार घालायची नसते. नुसती फुंकर मारायची. अठरा वर्षं तुम्ही हे कसं चालवलंत, नवलच आहे.'

शेजारच्या शेतातले दोघं बांधावर येऊन ऐकत उभे होते. नानांनी तार परत टोपीत खोचली नाही. हातातच धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी जळगावहून नवा जेट आणि कॅनभर पेट्रोल आणलं. जेट बसवला, फ्लोट धुतला, प्लग घासला. दुसऱ्याच दोरीला इंजिन उठलं. काय सांगू त्या आवाजाचं! बांधावरचे दोघं म्हणाले, 'मास्तरनं उठोलं बरं.' मी नानांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाला मान हलवली होती, आणि मला इतका आनंद झाला की मी लगेच रॉकेलच्या कॉककडे हात नेला.

'थांब,' नाना म्हणाले. 'तापू दे.'

त्यांची एक रीत होती. पेट्रोलवर इंजिन सुरू झालं की ते इंजिनापासून लांब, निंबाखाली जाऊन एक बिडी ओढायचे. बिडी संपली की विझवून यायचे आणि मग कॉक रॉकेलवर फिरवायचे. एक बिडी म्हणजे एक बिडी. पाऊस येवो, पाहुणे येवोत, अठरा वर्षांत त्यात फरक नाही.

'बिडी काय मोजमाप आहे, नाना?' मी हसून म्हणालो. 'उन्हानं लोखंड आधीच तापलंय. दोन मिनिटं पुरे.'

'लोखंड तापेल शे आन आतून तापेल शे, येच्यात फरक राह्यते.'

ते बरोबर बोलत होते. माझ्या पुस्तकातलं ते अर्धं पान ते एका वाक्यात बोलले होते. पण मला ते ऐकू आलं नाही. केळी डोळ्यांसमोर सुकत होती, पेट्रोल कॅनभरच होतं, आणि मी त्या दिवशी गावाच्या मते मास्तर होतो. कॉक फिरवला. इंजिन अडखळलं. हवा कमी करून इंधन वाढवणारा चोक अर्धा ओढून मी ते सांभाळलं. पांढरा धूर आला, रॉकेलचा कच्चा वास सुटला, आणि पाच-सात मिनिटांनी ते लयीत आलं. 'बघा,' मी म्हणालो.

नाना फावडं घेऊन पाणी वळवायला गेले.

रॉकेलची टाकी लहान होती, दर दीड तासाने इंजिन बंद करून निववून भरावी लागे. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा सुरू करणं आलं. प्रत्येक वेळी मी दोन मिनिटांत कॉक फिरवला, कधी एकातच. प्रत्येक वेळी पांढरा धूर, कच्चा वास, चोक. नाना पहिल्या दिवशी दोनदा म्हणाले, 'तापू दे जरा.' दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी म्हणाले नाहीत. बहुधा त्यांना वाटलं, आपल्याला यातलं काय समजतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन किंचाळल्यासारखा आवाज करून जागच्या जागी थांबलं. दोरी गुंडाळून ओढली तर दोरीसकट मीच इंजिनाकडे ओढला गेलो. चाक हलत नव्हतं. नाना केळीच्या पार दुसऱ्या टोकाला होते, घडांच्या आड दिसतही नव्हते.

मी तेल मापायची पट्टी काढली. तेल खुणेच्या बोटभर वर होतं. अठरा वर्षांत कुठल्या इंजिनातलं तेल आपोआप वाढलंय? बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास रॉकेलचा. सगळं कळलं. थंड इंजिनात रॉकेलच्या थेंबांची वाफ झालीच नव्हती. ते थेंब न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळले होते, भिंतीवरचं तेल धुऊन काढत खाली उतरले होते, आणि तीन दिवस, दर खेपेला थोडे थोडे, तळाच्या तेलात मिसळत गेले होते. चोक ओढून मी त्यांना आणखी वाट करून दिली होती. नव्या जेटचा काही दोष नव्हता. जुन्या जेटचा तर नव्हताच, तो माझ्या खिशात होता.

यानंतर मी जे केलं ते करायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. पाना घेऊन तळाचा नट सोडला, सगळं तेल जमिनीत जाऊ दिलं आणि पायाने त्यावर माती लोटली. घाईघाईत पाय भाजला. नाना आवाज थांबला म्हणून लगबगीने येत होते, ते पोचेपर्यंत मी पाना पुसत होतो.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी जळगावहून आला. पिस्टन ओरखडलेला, बेअरिंग गेलेलं. 'ऑइल कुठंय?' त्याने विचारलं. 'खोलायचं म्हणून काढून टाकलं,' मी म्हणालो. त्याने खांदे उडवले. बांधावरचे दोघं होतेच. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, 'पन असं कशानं झालं, मास्तर?'

मी खिशातून जुना जेट काढला. लोकांसमोर धरला आणि म्हणालो, 'हे भोक असं मोठं झालं ना, की इंधन जास्त जातं. ते आतलं तेल धुऊन टाकतं. इंजिन आधीच आतून खराब झालेलं असणार. मी आलो तेव्हा उशीर झालेला होता.'

प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या पुस्तकात सापडेल असं होतं. शिकलेल्या माणसाचं खोटं असंच असतं, त्याला बोट लावायला जागा नसते. नानांनी जेट माझ्या हातातून घेतला, डोळ्यापाशी धरला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'मीच तार घातली व्हती. माझ्या हातानंच खाल्लं इंजिन.'

मी संध्याकाळच्या बसने धुळ्याला निघून गेलो. रजा अजून दोन दिवस शिल्लक होती.

केळी पुरती गेली नाही. चुलत्यांच्या डिझेल इंजिनावरून नानांनी एक दिवसाआड पाणी घेतलं, अर्ध्या बागेचे घड पोसले, अर्धे बारीक राहिले. मिस्त्रीने इंजिनही दुरुस्त करून दिलं. पण नानांनी त्याला पुन्हा हात लावला नाही. लागलंच तर चुलतभावाला बोलवायचे आणि स्वतः लांब उभे राहायचे. फवारणीचा पंपसुद्धा मजुराकडून मोकळा करून घ्यायचे. आई मला सांगायची, 'मानूस पार बदलला. म्हनते, हाताले आता अक्कल नही राह्यली.' मी ताटातली भाकरी मोडत ऐकायचो. कधी विषय बदलायचो, कधी परतीच्या बसची वेळ विचारायचो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. धुळ्यात वर्गात उभा राहिलो की ते वाक्य तोंडाशी यायचं; त्या दोन वर्षांत मी ते अर्धं पान पूर्ण तास घेऊन शिकवलं, फळ्यावर थेंब काढले, भिंत काढली, खाली जमणारं तेल काढलं. पोरांना वाटलं परीक्षेला येणार आहे. घरी मात्र जीभ उचलत नव्हती. झोप येत नसे, नखं खायची सवय लागली, आणि नानांचा चेहरा दिसला की वाटायचं इथून कुठेतरी चालायला लागावं.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर घरी गेलो होतो. सकाळची जेवणं व्हायची होती. ओट्यावर एक म्हातारा शेतकरी आला, पलीकडच्या शिवारातला. त्याला मधलं काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, 'नाना, चल बरं. इंजिन घेत नही. तुझा हात लागला का घेईन.'

नाना टोपी घ्यायलाही उठले नाहीत. माझ्याकडे बोट करून म्हणाले, 'याले ने. तो शिकेल शे. माझा हात लागला का बिघडते.'

म्हातारा हसला, त्याला वाटलं नाना थट्टा करतात. नाना हसले नाहीत. मी त्याला 'आलोच' म्हणून पुढे पाठवलं आणि नानांसमोर खाली बसलो. दोन वर्षं जे जमलं नव्हतं ते एका दमात बोलून टाकलं, आमच्या घरच्या बोलीत, पुस्तकातला एक शब्द न वापरता. तुमच्या तारेनं काही झालं नव्हतं. जेट मी बदलला होता. मी तापू दिलं नाही. तेलात घासलेट उतरलं होतं, मी ते पाहिलं आणि मातीत सोडून दिलं, तुम्ही यायच्या आत. लोकांसमोर मी खोटं बोललो. इंजिन मी खाल्लं.

बोलून झाल्यावर मला मोकळं वाटेल अशी माझी समजूत होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर कदाचित वाटलंही असतं. नाना स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. एकदा पालथे, एकदा उताणे. मी इतक्या अस्वस्थपणे वाट बघत होतो की मध्येच म्हणालो, 'नाना, काही तरी बोला ना.' तेव्हाही मला धीर धरवला नाही.

'दोन वर्सं मी सांगत व्हतो,' नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. 'तुह्या मायले सांगत व्हतो, लोकायले सांगत व्हतो, का माझा हात गेला. आन तू समोर बसून आयकत व्हता.'

मग ते उठले, आईला हाक मारून माझं ताट वाढायला सांगितलं, आणि टोपी घालून त्या म्हाताऱ्याच्या मागे एकटेच निघून गेले.